रिंगणात पाऊल

गेल्या पावसाळ्यात सांगलीहून आम्ही घरची मंडळी साताऱ्याला गेलो. प्रथम प्रतापसिंह हायस्कूलला वंदन केले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव या शाळेत दाखल झाले. शाळेत आपल्याला कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

तिथून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो. धुके होते. चहासाठी थांबलो, तर शेजारच्या गवतात पांढऱ्या भूछत्रांचे गोल रिंगण! जणू कोणी कर्कटकाने आखले असावे. धाकटी मुलगी धावली, तोच आक्का ओरडली, "थांब गं! भुताचं रिंगण हाय ते. आत पाय घालू नगंस."

बंधू-भगिनींनो, आक्काने १४ ऑक्टोबरच्या बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या आहेत. तरी लहानपणीची भीती मनात दडून बसलेलीच!

मी तिला समजावले. भूछत्र हे वरचे फळ. खरी बुरशी जमिनीखाली बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखी असते. एका ठिकाणी रुजली की ती चोहीकडे सारखी पसरते. मधले अन्न संपले की मधले धागे मरतात, कडेचे जगतात. पाऊस पडला की त्या कडेवरच छत्र्या उगवतात. रिंगण दरवर्षी थोडे थोडे मोठे होते. कुजलेल्या पालापाचोळ्यातील नत्र मोकळे झाल्याने कडेचे गवत बऱ्याचदा अधिक हिरवे दिसते.

हा भ्रम आपल्याच लोकांचा नाही. इंग्लंडात लोक म्हणत, इथे रात्री पऱ्या नाचतात. जर्मनीत म्हणत, चेटकिणी नाचतात. आत गेलेला माणूस परत येत नाही, अशाही गोष्टी तिकडे सांगत. राज्यकर्त्यांच्या देशातही अज्ञान होतेच.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले, की केवळ परंपरेने ऐकले म्हणून मानू नका, स्वतः पारखा. मात्र पारखणे म्हणजे चाखणे नव्हे. रानातले अनोळखी भूछत्र विषारी असू शकते. पक्की ओळख असल्याशिवाय ते शिजवू नका.

आक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हितं येऊ नका, तितं बसू नका, हे आपल्या आज्या-पणज्यांनी लई ऐकलं. आता गवतालाबी भ्यायचं व्हय?" आणि नातीचा हात धरून ती रिंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

जयभीम!