मंडळाची वही

1916 साली मेलबर्नच्या फिट्झरॉय क्लबाने साखळीच्या बारा सामन्यांपैकी फक्त दोन जिंकले. गुणतक्त्यात तो सगळ्यांत खाली होता आणि तरी त्या वर्षीचं लीगचं विजेतेपद त्यानेच मिळवलं. पहिलं महायुद्ध पेटलं होतं. तरणी मुलं आघाडीवर गेली होती, बहुतेक क्लबांनी खेळणं थांबवलं होतं आणि मैदानात चारच संघ उरले होते. चारच संघ म्हटल्यावर चौघेही बाद फेरीला पात्र ठरले. तळाचा फिट्झरॉय तिथे ओळीने जिंकत गेला.

मला नवल वाटलं ते या विजयापेक्षा त्याच्या नोंदीचं. जिंकलेला सामना लोक लक्षात ठेवतात, त्यात विशेष काही नाही. पण त्या लीगमध्ये हरलेल्या सामन्यांचीही तारीखवार नोंद आहे. कोण खेळलं, कुणी किती गोल केले, सगळं लिहिलेलं आहे. आयुष्यात एकच सामना खेळून घरी बसलेल्या माणसाचंही नाव तिथे सापडतं.

खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या कबड्डी मंडळाने किती ढाली आणल्या, हे आज कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. मंडळ कोणत्या साली सुरू झालं, यावर पारावर दोन मतं आहेत. एक म्हणतो दुष्काळाच्या आधी, दुसरा म्हणतो नंतर. एक फोटो आहे. बनियन घातलेले गडी दोन ओळींत उभे आहेत, पुढे ढाल ठेवली आहे. मागच्या ओळीतल्या तिघांची नावं आता गावात कुणाला येत नाहीत. ही खंत बरीच वर्षं माझ्या मनात आहे. तिची नेमकी जागा मला मेलबर्नच्या क्लबांचा इतिहास वाचताना सापडली.

माझा भाचा नोकरीनिमित्त त्या शहराच्या पश्चिम भागात राहतो. त्याच्यामुळे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या खेळाशी माझी ओळख झाली. क्रिकेटचं गोल-लांबट मैदान, एका बाजूला अठरा गडी, अंड्याच्या आकाराचा चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब. चेंडू फेकायचा नाही. पायाने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने टोलवायचा. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत उंच झेल घेतात, तो क्षण बघण्यासारखा असतो. आपल्याकडचा चांगला पकडीचा गडी चढाईवाल्याचा घोटा हेरतो, त्याच डोळ्याने ते चेंडू हेरतात.

हा खेळ एका क्लबाच्या पोटी जन्मला. टॉम विल्स नावाचा क्रिकेटपटू इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत शिकून मेलबर्नला परतला होता. जुलै 1858 मध्ये त्याने तिथल्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियमांसाठी समिती नेमावी, असं त्यात होतं. 17 मे 1859 रोजी विल्स आणि मेलबर्न क्लबाचे त्याचे सोबती क्रिकेट मैदानाजवळच्या एका हॉटेलात बसले आणि त्यांनी दहा नियम लिहून काढले. त्यांच्यातला एक, जे. बी. थॉम्पसन, पत्रकार होता. नियम छापून आले आणि गावोगाव पोचले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपले नियम केले ते 1863 साली, म्हणजे चार वर्षांनंतर. मूठभर तरुणांनी कागदावर दहा ओळी लिहिल्या आणि त्यांच्या शहराचा खेळ टिकला.

हेच काम आपल्याकडेही झालं. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरवायला समिती नेमली. पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम छापले. तोवर दर दहा कोसांवर हुतुतूची रीत वेगळी होती. कुठे बाद झालेला गडी परत जिवंत व्हायचा, कुठे नाही. नियम छापले गेले म्हणून वऱ्हाडातला संघ कोकणातल्या संघाशी खेळू शकला, आणि त्याच वाटेने कबड्डी 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेपर्यंत गेली. या प्रवासाचं श्रेय शंकरराव साळवींना, म्हणजे आपल्या बुवांना, महाराष्ट्र मोकळ्या मनाने देतो. त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. पण बुवांच्या आधी ज्या जिमखान्यांच्या खोल्यांत कंदिलाच्या उजेडात नियमांवर वाद झाले, तिथल्या माणसांची नावं किती जणांना ठाऊक असतील?

पुण्यात समिती बसली त्याच 1914 साली इकडे अमरावतीत अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या भावांनी हनुमान आखाडा सुरू केला. तेच आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. आम्हा बुलढाण्याकडच्या लोकांसाठी खेळाची पंढरी म्हणजे हे मंडळ. मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर करत गाडी बडनेऱ्याला पोचते. तिथून अमरावती हाकेच्या अंतरावर आहे. मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम, फरीगदगा आणि हुतुतू हे सगळं एका आवारात शिकायला मिळायचं. हुतात्मा राजगुरू व्यायामाचे धडे घ्यायला तिथे राहिले होते. 1936 साली ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचं पथक बर्लिनला गेलं आणि आपले देशी खेळ त्याने जगासमोर करून दाखवले. त्याच शहरात 15 ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 असं हरवलं. ते सुवर्णपदक देशाच्या पाठ्यपुस्तकांत आलं, ते योग्यच झालं. पण वऱ्हाडातल्या कापसाच्या गावातून आगबोटीने युरोपात जाऊन हुतुतूचा दम घुमवून आलेले गडीही प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवेत. त्यांची आठवण अमरावतीबाहेर फारशी निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अमरावतीच्या मंडळाचं सर्वांत मोठं काम मला बर्लिनच्या वारीहूनही दुसरंच वाटतं. त्याने व्यायामशिक्षक घडवले. उन्हाळ्याच्या सुटीत खेड्यापाड्यांतले शिक्षक तिथल्या वर्गांना जायचे आणि जूनमध्ये शाळा उघडताना छातीत नवा दम घेऊन परतायचे. आमचे गुरुजी त्यांच्यातलेच. त्यांनी आल्याबरोबर मारुतीच्या देवळामागची जागा मुलांकडून साफ करून घेतली, दगड वेचले, गाळाची माती टाकली, पाणी मारून धुमसाने दाबली आणि चुन्याने पाट आखला. मध्यरेषा, निदान रेषा आणि लोणाचे जादा गुण आम्हाला त्यांनीच शिकवले. आमच्या मंडळाची सुरुवात ती. म्हणजे अमरावतीचा एक धागा थेट आमच्या देवळामागच्या मातीत येऊन रुजला होता. असे धागे या जिल्ह्यात किती गावांत गेले असतील! चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, मोताळा, जळगाव जामोद... त्यांचा माग काढला तर वऱ्हाडाच्या खेळाचा नकाशा तयार होईल.

मंडळ चालायचं ते कापसावर. कापूस विकला गेला की वर्गणी निघायची. ज्याच्याकडे पैसा नसे तो पायली-दोन पायली ज्वारी द्यायचा. सामने दिवाळीनंतर, थंडीत. परगावचे संघ बैलगाड्यांतून आणि पुढे ट्रॅक्टरमधून यायचे, त्यांची जेवणं घराघरांत वाटून दिलेली असायची. पहाटेपर्यंत सामने चालत. ज्या बायांनी त्या रात्री चुलीवर भाकरी थापल्या त्यांना सामना कधी बघायला मिळाला नाही, आणि मंडळाच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव आलं नाही. खरं तर मंडळ निम्मं त्यांच्यावर उभं होतं. वर्गणीची एक वही होती. ती गुरुजींनंतर कुणाकडे गेली, ते कळलं नाही.

मग हळूहळू खेळणारे कमी झाले. कपाशीला भाव मिळेना, मुलं चाकणला, वाळूजला, सुरतेला कामाला गेली. मैदानाच्या अर्ध्या जागेवर सभामंडप आला. मोठे सामने मॅटवर गेले, आणि मॅट घेण्याची ऐपत खेड्यातल्या मंडळाकडे नव्हती. मंडळ बंद करायचा ठराव कुणी केला नाही. एका हिवाळ्यात सामने झाले नाहीत आणि पुढच्या हिवाळ्यात कुणी विचारलं नाही. फोटोतल्या गड्यांपैकी जे दोघे-तिघे हयात आहेत त्यांतल्या एका आजोबांकडे मी नावं लिहून घ्यायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, “आता ते लिवून काय करतं बापू? खेयनारे गेले, पायनारेबी गेले.” पण मग त्यांनीच कोण कुठल्या कोपऱ्यात उभा राहायचा ते सांगायला सुरुवात केली आणि दिवेलागणीपर्यंत सांगत राहिले.

मेलबर्नचा खेळ काही सुरक्षित कोंदणात बसलेला नव्हता. भाचा राहतो त्या पश्चिम भागातला फुट्सक्रे हा कारखानदारीचा, कष्टकऱ्यांचा परिसर. त्यांचा क्लब 1925 साली मोठ्या लीगमध्ये आला. 1954 साली एकदा विजेता झाला आणि नंतर पैशाच्या अडचणीत सापडत गेला. ऑक्टोबर 1989 मध्ये लीगने जाहीर केलं की फुट्सक्रे आणि फिट्झरॉय या दोन क्लबांचं विलीनीकरण होईल. म्हणजे फुट्सक्रे संपल्यातच जमा होतं. तिथल्या लोकांनी हे मुकाट्याने घेतलं नाही. आयरीन चॅटफिल्ड नावाच्या एका साध्या पाठीराखीच्या नावाने कोर्टात दावा गेला आणि काही आठवड्यांची मुदत मिळाली. त्या मुदतीत सुमारे 15 लाख डॉलर उभे करायचे होते. लोक डबे घेऊन रस्त्यावर उतरले, चौकाचौकांत नाणी गोळा झाली, म्हाताऱ्या माणसांनी पेन्शनीतून पैसे दिले. क्लब वाचला. पुढे त्याचं नाव वेस्टर्न बुलडॉग्स झालं, आणि 2016 साली, 62 वर्षांनी, त्याने पुन्हा विजेतेपद मिळवलं. कर्णधार बॉब मर्फी दुखापतीमुळे अंतिम सामना खेळू शकला नव्हता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी बक्षीस समारंभात त्याला मंचावर बोलावलं आणि स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. ती चित्रफीत मी जेव्हा बघतो तेव्हा डोळे भरून येतात.

फिट्झरॉयच्या नशिबी मात्र तसं भाग्य नव्हतं. आठ वेळा लीग जिंकलेला हा 1883 सालचा क्लब 1996 साली ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. 1 सप्टेंबर 1996 ला पर्थमध्ये त्याचा शेवटचा सामना झाला. पण त्याच्या लोकांनी क्लबाचं नाव आणि कागदपत्रं सोडली नाहीत. 2009 साली फिट्झरॉयचा संघ हौशी लीगमध्ये पुन्हा उतरला. आता तिथे मोठा पैसा नाही, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण नाही. ब्रन्सविक स्ट्रीटच्या त्यांच्या जुन्या मैदानावर शनिवारी मुलं खेळतात, कडेला आजोबा उभे असतात आणि 1916 ची गोष्ट नातवंडांना सांगतात. सांगता येते, कारण ती लिहिलेली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की क्लब मरतो तो पैसा संपल्याने नव्हे; त्याची गोष्ट सांगणारं कुणी उरलं नाही म्हणजे मरतो. पैसा फुट्सक्रेचाही संपला होता. डबे घेऊन निघालेल्या माणसांना आपण काय वाचवतोय हे पक्कं ठाऊक होतं, कारण आजोबा कुठल्या वर्षी कुठल्या जागेवर खेळले ते त्यांच्या घरात पाठ होतं. आमचं मैदान अर्धं गेलं तेव्हा गावात कुणी हरकत घेतली नाही. त्या मातीवर काय काय घडलं, हे हरकत घेण्याच्या वयाच्या मुलांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात खेळ संपलेला नाही, उलट नव्या वाटांनी वाढतो आहे. 2023 साली बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारने शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला 149-148 असं एका गुणाने हरवून सुवर्ण जिंकलं, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो भारताच्या सुवर्णविजेत्या संघात होता. हे आकडे जगाच्या दप्तरात आहेत, ते हरवणार नाहीत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. त्याचीही नोंद झाली. प्रश्न आहे तो त्याखालच्या थराचा. ज्या मातीत असे खेळाडू उगवतात त्या गावच्या मंडळांचा, आखाड्यांचा, व्यायामशाळांचा. त्यांची नोंद दिल्लीत होणार नाही, मुंबईत होणार नाही. ती गावातच व्हायला हवी आणि गावातल्याच माणसाने करायला हवी.

येत्या दिवाळीला गावी जाल तेव्हा एक जाड, दोनशे पानी वही बरोबर न्या. जुन्या गड्यांना ओट्यावर बसवा. मैदान कुणी साफ केलं, चुना कुणी आणला, चढाईला कोण जायचं, पंच कोण असायचा, भाकरी कोणत्या घरांत झाल्या, हे सगळं विचारा आणि नावानिशी लिहा. हरलेले सामनेही लिहा. फोटोच्या मागे पेन्सिलीने ओळीने नावं घाला. एक प्रत शाळेत ठेवा, एक गावच्या वाचनालयात द्या. आमच्या वहीत आतापर्यंत एकोणतीस नावं झाली आहेत. फोटोतले तिघे अजून सापडायचे आहेत.