मे महिन्यातली शेगडी

साखरखेर्ड्यात मे महिन्याच्या दुपारी उन्हात राहिलेला पाना उचलायचा तर फडक्याने उचलावा लागतो. अशा दिवसांत निंबाखाली पोतं अंथरून मी मोटारीचा हिटर उघडून बसलो, तेव्हा येणारा-जाणारा थांबणारच. "काहून बाप्पा, ऊन कमी पडून रायलं का?" हा त्यातला सगळ्यात सौम्य प्रश्न. शेजारच्या काकांनी डबा हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, "हे एसीचं हाय का?" हिटरचं आहे म्हटल्यावर ते पुढे काही बोलले नाहीत. सरळ घरात आईकडे गेले, तब्येतीची चौकशी करायला. माझ्या.

गाडी मॉरिस मायनर, १९५१ सालची. वडिलांनी ती खामगावच्या एका कापसाच्या अडत्याकडून घेतली तेव्हाच तिचं वय झालेलं होतं. त्याआधी ती कुठे होती, तिच्यात हिटर कोणी बसवून घेतला, कशाला, हे सांगणारं आता कोणी नाही. जाणकार मंडळी १९३० नंतरच्या गाडीला विंटेज म्हणू देत नाहीत. सरकार त्या मानाने उदार आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, तिच्या नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. फक्त गाडी मूळ रूपात असायला हवी. हिटरला मी हात लावला तो आधी या अटीपायी. पुढे कारण बदललं.

डॅशबोर्डखाली टांगलेला काळा, गोल डबा. समोर उघडमीट करायच्या छोट्या झडपा. बनवणारी कंपनी लंडनची स्मिथ्स. मूळची घड्याळवाली, पुढे मोटारींची घड्याळं, स्पीडोमीटर आणि असले हिटरही करू लागली. आत बघितलं तर रेडिएटरचंच बारकं पिल्लू, तांब्या-पितळेचं, आणि त्याच्यामागे पंखा. विस्तव कुठेच नाही. इंजिनात तापलेलं पाणी रबरी पायपातून इथे येतं, पंखा त्या पितळेवरून हवा ढकलतो, पाणी निवून परत इंजिनात जातं. पेट्रोल जाळून जी उष्णता तयार होते तिचा मोठा वाटा चाकापर्यंत पोचतच नाही. काही धुरातून जाते, काही पाण्यातून. त्या पाण्यातली थोडी माणसांच्या पायांशी आणून सोडायची, एवढंच हिटरचं काम.

आमच्याकडे मात्र त्याला कामच नव्हतं. कधीकाळी कुठल्या तरी मिस्त्रीने पायपात बोल्ट कोंबून वरून तार आवळली होती आणि विषय संपवला होता. मी त्याला नावं ठेवणार नाही. गळका हिटर म्हणजे चालत्या गाडीत पायावर उकळतं पाणी. माझ्यासमोर भर रस्त्यात ती वेळ आली असती तर मीही तेच केलं असतं.

इंजिनावर एक पितळी तोटी असते, हिटरकडे जाणारं पाणी सोडायची आणि बंद करायची. ती जागची हलेना. रॉकेल पाजलं, दोन दिवस ठेवली, हलक्या हाताने ठोकली. शेवटी निघाली तेव्हा आत पांढरा थर. आमच्या बोअरच्या पाण्याची ही करामत. ज्या गावात चहाच्या भांड्याला बुडाशी पापुद्रा धरतो, तिथे वर्षानुवर्षं तेच पाणी इंजिनात उकळलं तर दुसरं काय होणार? किराणा दुकानातून लिंबूफूल आणलं, कोमट पाण्यात विरघळवून तोटी त्यात सोडली. बारीक बुडबुडे उठू लागले, पांढरं सुटत गेलं आणि खालून पिवळं पितळ वर आलं. तिच्या दांड्यावर फिरवल्याच्या खुणा जवळजवळ नव्हत्याच. सत्तर वर्षांची तोटी, पण फार वापरलेली नाही.

पितळेचं पिल्लू चिखलीला रेडिएटरवाल्याकडे नेलं. त्याच्याकडे ट्रॅक्टरचे रेडिएटर भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्यापुढे हे अगदीच केविलवाणं. त्याने एक तोंड बुचाने बंद केलं, दुसऱ्याला सायकलच्या पंपाची नळी लावली आणि ते हौदात बुडवलं. पंक्चर काढतात तसंच. तीन जागांहून बुडबुडे आले. तारेच्या ब्रशने जागा घासली, फ्लक्स लावला, ब्लोलॅम्पची ज्योत लांबूनच फिरवत ठेवली. जवळ नेली तर मूळचे सांधेही सुटतात, हे त्याने न विचारता सांगितलं. कथील-शिशाची कांडी टेकवली. क्षणभर काही नाही, आणि मग एकदम ती चकाकून भेगेत ओढली गेली. हे ओढलं जाणं बघण्यासारखं असतं. धातू तापला नसेल तर डाग वर गोळी होऊन बसतो, दिसायला बसलेला, नखाने निघणारा. पैसे किती, विचारलं तर म्हणाला, "ट्रॅक्टरचे घेतो तेवढे कसे घेऊ याचे?"

पंख्याच्या मोटारीचे कार्बन झिजून संपले होते. मिक्सरचे कार्बन आणून पॉलिशपेपरवर घासत घासत मापात बसवले. मूळ रूपाच्या नियमात हे बसतं का, ते मी कोणाला विचारलेलं नाही. तशी जोडाजोड या गाडीच्या जन्मातच आहे. ॲलेक इसिगोनिस यांनी १९४८ मध्ये ही बाजारात येण्याच्या थोडं आधी नमुन्याची गाडी मधोमध कापून चार इंचांनी रुंद करवली. बंपर आधीच तयार होऊन पडलेले. मग तेही कापले आणि मध्ये पट्टी घातली. ती पट्टी आमच्या बंपरवर अजून आहे.

आता बदललेल्या कारणाकडे. सुरुवातीच्या मायनरला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढणार, रेडिएटरमध्ये निवून जड होऊन खाली उतरणार, या भरवशावर सगळा कारभार. इंग्लंडच्या हवेत तो चालला. पण हिटरच्या नळ्यांतून पाणी फिरवायला हा भरवसा पुरेना. १९५० च्या अखेरीस पंप आला, तेव्हा कुठे हिटर देता येऊ लागला. म्हणजे थंडीने काकडणाऱ्यांच्या पायांना ऊब मिळावी म्हणून आलेला पंप आमच्या गाडीत बसून बुलढाणा जिल्ह्याचे इतके उन्हाळे झेलत आला. हिटर नको म्हणून बोल्ट कोंबणाऱ्याच्या हातापासून वीतभर अंतरावर तो पंप फिरत होता.

आणि हिटर म्हणजे तरी काय? दुसरा, छोटा रेडिएटर. खामगाव खाली पूर्णेच्या सखल मुलखात, बुलढाणा वर अजिंठ्याच्या डोंगररांगेत. मधला बोथ्याचा घाट ज्ञानगंगेच्या अभयारण्यातून चढतो. वडिलांच्या वेळी या घाटात गाडी थांबवून, झाकणावर ओलं पोतं टाकून वाट बघायची, हा ठरलेला कार्यक्रम. दुरुस्तीनंतर मी मुद्दाम भर उन्हात तिथून गेलो. चढाला काटा वर सरकू लागला तसा पंखा सुरू केला. पायांवर भट्टीची झळ आली, चपलेतला अंगठा भाजतो की काय असं झालं, काचा सगळ्या खाली. काटा मात्र थबकला. मागे आला असं म्हणणार नाही. थबकला, आणि गाडी न थांबता वर पोचली. शेजारी बसलेल्या मावसभावाने नंतर मला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही.

आमचं गाव हट्टी. १७२४ च्या ऑक्टोबरात निजामाने इथे मुबारिजखानाला हरवलं आणि गावाला फत्तेखेर्डा नाव दिलं. गावाने ते तोंडात बसू दिलं नाही. माझ्या हिटरलाही गावाने हिटर म्हटलं नाही. "शेगडी चालू हाय का?" असंच विचारतात, आणि हसतात.

हसणाऱ्यांत पुढे होते ते काका. १२ जानेवारीला पहाटे सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या जन्मस्थानी जायचं ठरलं, तेव्हा जीपमध्ये जागा असून ते माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. कानाला मफलर, वर घोंगडी. तोटी मी निघतानाच उघडली होती. गाव मागे पडेपर्यंत काही नाही, मग हळूहळू पायांशी ऊब आली. काकांनी घोंगडी काढली. थोड्या वेळाने मफलर काढला. मग म्हणाले, "बंद कर बाबा, घाम फुटून रायला." पंखा बंद केला तरी ऊब येतच राहिली. तोटी इंजिनावर आहे, आतून बंद होत नाही, म्हणून गाडी बाजूला घेतली, बॉनेट उचललं. काचेतून काकांचा हात बाहेर आला.

"पण पुरती नको करू."