पाट

पितळी फुलं ठोकलेला तो शिसवी पाट त्याच्या आजीच्या लग्नातला. हेदवीच्या घरात त्याच पाटावर त्याची मुंज लागली आणि त्याच पाटावर बसून तो रोज जेवला. दशभुजा गणेशाच्या माघी उत्सवात पानं वाढून झाली, की शेवटच्या पंगतीला मांडी ठोकून बसण्यात त्याला वर्षाचं सुख वाटे.

रक्त पडू लागलं तेव्हा सगळ्यांनी मूळव्याधच धरली. त्यानेही. आठ महिने चूर्णात आणि मलमात गेले. शौचातून रक्त जात असेल तर डॉक्टरांनी बोटाने, दुर्बिणीने तपासायलाच हवं. त्याला तसं कुणी तपासलं नाही. आज तो हे ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, न लाजता.

परळच्या टाटा रुग्णालयात कळलं, गाठ गुदद्वाराला खेटून आहे. गुदाशय आणि गुदद्वार, दोन्ही काढावी लागणार. पोटातून आणि खालून अशी दोन्हीकडून करायची ही शस्त्रक्रिया लंडनच्या विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली मांडली. आता त्याच्या पोटावर डावीकडे मोठ्या आतड्याचं तोंड आहे. लाल, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखं. हात लावला तरी ते दुखत नाही, हे आधी बायकोने पाहिलं.

त्यावर पिशवी. १९५४ साली डेन्मार्कच्या एलिस सोरेनसन या परिचारिकेला चिकटणारी पिशवी सुचली ती तिच्या बहिणीसाठी. शस्त्रक्रियेनंतर बहीण घराबाहेर पडायला धजत नव्हती. हे कळल्यावर त्याचा पिशवीवरचा राग निवळला. तरी वैशाखातल्या घामाने चकती सुटतेच. फणसाचे गरे खाल्ले की पिशवी फुगते. मऊ भात, मेतकूट निभतं. पहिल्या दोनेक महिन्यांत ते तोंड आक्रसतं, म्हणून चकतीचं भोक पुन्हा मापून कापावं लागतं. नाहीतर भोवतालची कातडी सोलवटते.

खरं जड गेलं ते बसणं. खालची जखम भरायला महिने लागले. कुणीतरी मधे भोक असलेली गोल उशी आणली, पण तिने टाके ताणले जातात म्हणून परिचारिकेने ती बाजूला ठेवायला लावली. तो कुशीवर टेकून जेवायचा. आणि मध्येच, आता नसलेल्या त्या जागी कळ यायची. तो घाईने उठायचा, मग आठवायचं. मेंदूचा जुना हिशेब इतक्यात पुसला जात नाही, अनेकांना असं होतं, असं सांगितल्यावर त्याची भीती गेली.

आधी अंगण, मग पाणंद, मग उमामहेश्वराच्या देवळापर्यंत. भरतीला बामणघळीतून उसळणारं पाणी त्याने उभ्यानेच पाहिलं. खडकावर टेकणं अजून जमत नव्हतं.

पुढच्या माघात बायकोने पाटावर चौपदरी गोधडी घातली आणि पंगतीच्या टोकाला, दाराजवळ, त्याचं पान मांडलं. मांडी पुरती बसली नाही. एक गुडघा वरच राहिला. आमटीनंतर तो उठला, पिशवी रिकामी केली, हात धुतले. परत आला तेव्हा वाढप्याने त्याच्या पानावर मोदक ठेवून वर तुपाची धार धरली होती.