खिसे झाडणे

डॉक्टर "काळजी करू नका" म्हणाले की मला पहिली काळजी लागते ती त्यांच्या फीची. १९८३च्या सप्टेंबरात वरणगावच्या फॅक्टरी कॉलनीत ओट्यावर बसून मी तेच करत होतो. शेजारी अलिबागकडचे बेने इस्रायल. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणारे 'शनिवार तेली' ते हेच. मराठी आमच्याहून चोख, वर्ष मात्र नुकतंच ५७४४वं लागलेलं! मधात बुडवलेली सफरचंदाची फोड हातावर ठेवून ते म्हणाले, "चला, तापीवर खिसे झाडायला!"

त्यांचा रिवाजच तो. नव्या वर्षात वाहत्या पाण्याशी जायचं, प्रार्थना म्हणायची, खिसे उलटे करून पापं सोडून द्यायची.

त्यांच्या खिशातून चिमूटभर धूळ निघाली. माझ्या खिशातून विजेचं बिल, भिशीची चिठ्ठी, पित्ताची गोळी आणि धाकट्या भावाचं तीन वर्षं उत्तर न दिलेलं पत्र. बांधावरच्या दोन लिंबांवरून आमचा अबोला होता. पत्र पाण्यात सोडणार, तोच त्यांनी हात धरला.

"अहो, हे नाही चालत. देवाचा अपराध देव माफ करतो. माणसाचा केलेला त्या माणसाकडेच जाऊन फेडायचा. योम किप्पूरच्या आत."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं यावल गाठलं. भावानं दार उघडलं, क्षणभर पाहिलं आणि आत वळून म्हणाला, "कळण्याची भाकरी टाक गं, दादा आलाय."

रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. सकाळी हिनंच हलवून उठवलं.

"विजेचं बिल कुठंय?"