बाटलीत उरल्या ४१

१० जानेवारी २०२३, मंगळवार

टीएसएच १६.४. चारच्या आत असायला हवं. थायरॉईडची गोळी १०० ची चालू असताना.

डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "बाई, गोळ्या चुकवता तुम्ही." नाही म्हटलं. "मग हा कागद खोटा?" पन्नासवरून पाऊणशे, पाऊणशेवरून शंभर. आजपासून १२५. रोज घेतली की लिहून ठेवा म्हणाले. चौथीच्या पोरांना शुद्धलेखन सांगतात तसं. म्हणून ही वही.

घरी येऊन जुनी बाटली ताटात पालथी केली. १३ नोव्हेंबरला फोडलेली, १०० ची. दिवस झाले ५९. बाटलीत उरल्या ४१.

११ जानेवारी

साडेपाच. गोळी. पाणी. साडेसहाला चहा.

१२ जानेवारी

गोळी. पाणी. एक तास काही नाही.

१४ जानेवारी

भोगी. तीळ लावून बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी. रात्रीही तेच. पोट शांत.

१५ जानेवारी

संक्रांत. गुळाच्या पोळ्या. दोनच खाल्ल्या. रात्री तीनदा उठले.

१९ जानेवारी

हे म्हणाले, "खरंच घेतेस ना गं?"

उत्तर दिलं नाही. आत्या चुलीपाशी होत्या. "मी बघतोय की रोज. साडेपाचला मी जागीच असतो." सासूची साक्ष निघाली. पण हे आता मलाच वाटू लागलंय, की झोपेत घेतल्यासारखी वाटते आणि घेतलेलीच नसते.

७ फेब्रुवारी

शहरातले दुसरे डॉक्टर. मुलीने पुण्याहून नंबर घेऊन ठेवला होता. जाताना बस हिंडलग्यापर्यंत उभ्याने.

यांनी आधी नखं बघितली. मग जीभ. हिमोग्लोबिन ८.४, लोहाच्या गोळ्या दोन वर्षं चालू. मग शौचाला कसं होतं ते विचारलं. थायरॉईडच्या डॉक्टरांनी हे कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली, पण सगळं सांगितलं.

वजन ४६. म्हणाले, या वजनाला ७५ च्या आसपास पुरायला हवी. तुम्ही १२५ घेता. जाते कुठे?

वही दाखवली. पानं उलटून परत दिली. "तुम्ही घेताय हो. पोटात जाते, रक्तात पोचत नाही."

बसमध्ये रडू आलं. सुळग्याला डोळे पुसले. गावच्या फाट्यावर ओळखीचे असतात.

लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी. कॅल्शियमचंही तसंच. मी लोह चहाबरोबर घेत होते.

१६ फेब्रुवारी

रक्ताची तपासणी, टीटीजी. १५ च्या आत हवं. २०० च्या वर. दुर्बीण घालून बघेपर्यंत गहू सोडायचा नाही, नाहीतर तपासणीत काही दिसायचं नाही. आजार करणारं खात राहा, हे पहिल्यांदाच ऐकलं.

२३ फेब्रुवारी

दुर्बीण. लहान आतड्याचे तुकडे काढले. घसा दुखतोय. गोळी.

२ मार्च

सिलिअॅक.

गहू, रवा, मैदा, शेवया, जव, सातू. जन्मभर बंद. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, ती झिजून सपाट झालीय. थायरॉईडवरही आपलंच शरीर उलटलेलं, आतड्यातही तेच. ज्याला एक, त्याला दुसरा असण्याची शक्यता जास्त. आजवर कुणी दोन्ही एका कागदावर मांडलं नाही.

आत्यांना सांगितलं. "गव्हानं कुणाला काय होतं व्हय गे?"

६ मार्च

होळी. पुरण वाटीत घेतलं, दूध घालून. पोळ्या मीच लाटल्या. कटाच्या आमटीत हिंग. डबी उलटून वाचली: गव्हाचं पीठ. फोडणी आधीच बसली होती.

१२ मार्च

गिरण. तांदळाचं दळण गव्हामागून टाकलं तर उपयोग नाही, हे तिथे उभी राहिल्यावर सुचलं. पाळ्यांना पीठ, हवेत पीठ, गिरणवाल्याच्या भुवयांना पीठ. तो म्हणाला, "बाई, सोमवारी सकाळी गिरण झाडतो. पहिलं तुमचं घालू. आणि पहिलं शेरभर कोंबड्यांना टाका." डॉक्टरांच्या कागदात ही युक्ती नव्हती.

२२ मार्च

पाडवा. जाऊबाईंनी हुग्गी पाठवली. खपलीची. "खपली चालते, साखरवाल्यांनाही देतात." खपली म्हणजे जुना गहू. पण गहूच. पातेलं झाकून ठेवलं. वास रात्रीपर्यंत घरभर.

२६ मार्च

मुलगी फोनवर वाचून दाखवत होती. १९४४-४५ चा हिवाळा, हॉलंडमध्ये युद्धामुळे उपासमार, पाव मिळेना. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातली याच आजाराची पोरं त्या दिवसांत सुधारली. पाव परत आला, पोरं परत आजारी. त्याला आधीपासून गव्हाचाच संशय होता.

गाव उपाशी आणि हीच पोरं तेवढी बरी.

९ एप्रिल

वजन ४८. सकाळी एकदाच. लिहायला संकोच नको, वही त्यासाठीच आहे.

२५ एप्रिल, मंगळवार

मळेकरणी देवीला गर्दी. फाट्यापासून गाड्या. बोकडं, पातेली, लाकडं.

मुलीचं वाचन चालूच आहे. १८९१ मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला टोचला. गोळी नव्हतीच तेव्हा. पुढे ती ग्रंथी थोडी परतून खायलाही द्यायचे. ती बाई २८ वर्षं जगली, ८७० वर मेंढ्या लागल्या. आमच्या देवळात किती मंगळवार-शुक्रवार लागतील याचा हिशेब करत बसले. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग परतून खा की. गोळीला पैसे कशाला?"

१० मे

विधानसभेचं मतदान. ड्युटी दुसऱ्या तालुक्यात. मला शाईचं काम.

सकाळी सगळ्यांना उप्पीट. माझी भाकरी-चटणी डब्यात. नऊच्या पुढे हात थरथरू लागला. डाव्या तर्जनीवर रेघ ओढायची, ती नखावरून घसरून बोटभर. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुम्हीच भ्यालात की." पंखा चालू असून पाठ भिजलेली. रात्रभर जागून आलेय म्हणून असेल.

१३ मे

झोप नाही. छातीत धडधड. नाडी १०८.

१४ मे

११२. शौच परत दोनदा-तीनदा. गहू शिवलेही नाही. मग?

बाटली घेऊन बसले. लेबल इंग्रजीत, कानडीत नाही, मराठीची आशा नव्हतीच. लेव्होथायरॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम. खाली: एक्सिपियंट्स क्यू. एस. म्हणजे बाकीचं लागेल तेवढं. बाकीचं म्हणजे काय? गोळी बांधायला स्टार्च लागतो. कशाचा?

रोज पहाटे स्वतःच्या हाताने गहू घेतेय की काय.

१६ मे

लेबलवरच्या नंबरला फोन. तीन बाया बदलल्या. शेवटची म्हणाली, मक्याचा स्टार्च. लेखी मागितलं. पाठवते म्हणाली.

१८ मे

आलं. मक्याचाच. नाडी १०६.

१९ मे

घेतली नाही.

वहीत पहिलीच रिकामी जागा. मुद्दाम ठेवलेली. आत्यांनी विचारलं, "घेतलीस काय गे?" हो म्हटलं.

२० मे

घेतली. एका दिवसाने काही कळत नाही. आठवड्याने औषध अंगातून निम्मं उतरतं, मुलगी म्हणाली. रक्त देऊन आले.

२२ मे

टीएसएच ०.०६.

चार महिन्यांमागे १६. गोळी थोडीच वाढलेली, वेळ तीच. डॉक्टर कागद बघून हसले. "लव उगवायला लागली. आता सगळी रक्तात पोचतेय." म्हणजे १२५ आता खरोखर १२५ होती. हृदयाला बरी नाही, हाडांनाही नाही. उद्यापासून ७५. आठ आठवड्यांनी परत.

मक्याचं पत्र दाखवलं. नीट वाचलं त्यांनी. फाईलला लावून ठेवलं.

मला राग आला. कुणाचा ते ठरेना.

२३ मे

७५. नवी बाटली.

३ जून

नाडी ८८. दुपारी झोपले, शाळेतून येऊन, दप्तर उशाला.

१९ जून

पाऊस नाही. पेरलेलं भात तसंच. नाडी ७६.

१८ जुलै

टीएसएच २.१. हिमोग्लोबिन ११.२. वजन ५१. ब्लाउज उसवायला दिले. हे म्हणाले, आता ती वही बंद कर.

२० जुलै, गुरुवार

रात्रभर धो धो. पहाटे कौलाखाली बादल्या लावत होते, मग वीज गेली, मग शाळा. चौथीत पाढे चालू असताना आठवलं.

घरी येऊन ताटात ओतल्या. बाटलीत उरल्या ४२. असायला हव्यात ४१.