नाकावरचा अंगठा

लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमच्या उतारावर मोठी बाग आहे. बागेत तळं, तळ्यात बेटं आणि एका बेटावर ही स्वारी ठाण मांडून उभी. चार जाडजूड पाय, सुटलेलं पोट, अंगभर खवले, मागे लांबलचक शेपूट. चेहऱ्यात थोडा सरडा, थोडा गेंडा. नाकाच्या शेंड्यावर एक बुटकं, टोकदार शिंग. नाव इग्वानोडॉन, एका डायनासोरचा पुतळा. शेजारी याचाच जातभाई झाडाच्या खोडावर पंजा टेकवून निवांत पसरलेला असतो. पण पाहुण्यांचं स्वागत करायची जबाबदारी जणू यानेच घेतलेली. 1854 च्या जून महिन्यात व्हिक्टोरिया राणीने क्रिस्टल पॅलेसचं उद्घाटन केलं, तेव्हापासून तो असाच उभा आहे. तो काचेचा महाल 1936 मध्ये एका रात्रीत जळून गेला. हा राहिला.

सगळ्यात आधी सांगायला हवं ते हे की याच्यात फारसं काहीच बरोबर नाही. चारही पाय असे सारखे जाड नव्हते, शेपूट अशी लोळत नव्हती, कातडी अशी मगरीसारखी नव्हती. आणि ते शिंग तर शिंगच नव्हे. तो अंगठा आहे.

त्याची कूळकथा ससेक्समधल्या गिडिअन मॅन्टेल नावाच्या डॉक्टरापासून सुरू होते. रोगी तपासून उरलेला वेळ हा गृहस्थ दगडांच्या खाणीत घालवायचा. 1822 च्या सुमारास त्याच्या हाती काही मोठे, झिजलेले दात आले. पहिला दात बायकोला रस्त्याकडेच्या खडीत सापडला, असं सांगतात. खरंखोटं मॅन्टेलबाईंनाच ठाऊक. दात झिजलेले म्हणजे प्राणी चघळून खाणारा, शाकाहारी. पण एवढा मोठा, चघळणारा सरपटणारा प्राणी तोवर कुणी ऐकलाही नव्हता. पॅरिसच्या क्युव्हिए या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने आधी गेंड्याचा दात म्हणून तो बाजूला सारला. मग लंडनच्या एका संग्रहालयात इग्वाना सरड्याचे दात पाहायला मिळाले. आकार हुबेहूब, फक्त कितीतरी पट लहान. 1825 मध्ये मॅन्टेलने बारसं उरकलं. पुढे हाडांच्या ढिगात एक शंकूसारखं टोकदार हाड निघालं. ते कुठे लावायचं? इग्वानांच्या काही जातींच्या नाकावर उंचवटे असतात, गेंड्याला शिंग असतं. त्याने ते नाकावर नेऊन बसवलं. समोर सांगाडा नव्हता, शेजारी विचारायला कुणी नव्हतं. अशा वेळी तुम्हीआम्ही तरी दुसरं काय केलं असतं?

मॅन्टेलच्या नशिबी मात्र याचं दर्शन नव्हतं. गाडीच्या अपघातात त्याचा कणा कायमचा दुखावला आणि 1852 मध्ये तो गेला. डायनासोर हा शब्द 1842 मध्ये घडवणारा रिचर्ड ओवेन हा त्याचा पक्का प्रतिस्पर्धी. बागेतल्या प्राण्यांचा शास्त्रीय सल्लागार तोच झाला. ओवेनला डायनासोर हवे होते ते भारदस्त, हत्तीसारखे, चार पायांवर ताठ उभे. पूर्वीचे सरपटणारे प्राणी आजच्यापेक्षा काही कमी दर्जाचे नव्हते, हे त्याला लोकांच्या मनावर ठसवायचं होतं; जीवांत हळूहळू बदल होत जातो असं म्हणणाऱ्यांना ते परस्पर उत्तर होतं. त्यामुळे आपल्या इग्वानोडॉनच्या अंगात मॅन्टेलचं शिंग आहे आणि ओवेनचा रुबाब. दोघांचं आयुष्यात कधी पटलं नाही, पण एकत्र नांदायला जागा मिळाली ती याच्याच देहात.

हा देह उभा केला बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने. डार्विनच्या बीगल जहाजावरच्या प्रवासातले मासे आणि सरपटणारे प्राणी यानेच चितारले होते, म्हणजे हात सरावलेला. आधी छोटी प्रतिकृती, मग तीस टन मातीचा पूर्णाकृती पुतळा, त्यावरून साचा, साच्यातून सिमेंटचं अंग. गोम अशी की मातीचा हा डोंगर चार पायांवरच तोलायचा होता. एरवी शिल्पकार पोटाखाली एखादा खडक, झुडूप सोडून देतो आणि वजन त्यावर टेकवतो. इथे ती सवलत नव्हती. शास्त्र शिकवायचं तर पाय चारच दिसायला हवेत. चार खांबांवर घर बांधण्यासारखंच हे काम, असं हॉकिन्स स्वतःच म्हणाला होता. 1854 मध्ये त्याने एका व्याख्यानात या एका प्राण्याला लागलेल्या सामानाची यादीच वाचून दाखवली. नऊ फूट लांबीचे, सात इंच व्यासाचे लोखंडी खांब 4, विटा 600, नाल्याची अर्धगोल कौलं 650, साधी कौलं 900, सिमेंट 38 पिंपं, दगडाची खडी 90 पिंपं, शिवाय शंभर फूट लोखंडी पट्टी आणि गज. आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला ही यादी ऐकवा, तो विचारेल, ‘किती खोल्या काढायच्यात?’

खोल्या नाही, पण एक पंगत मात्र त्यात खरोखर उठली. 31 डिसेंबर 1853 च्या रात्री हॉकिन्सने या इग्वानोडॉनच्या साच्यात जेवण दिलं. आमंत्रणं टेरोडॅक्टिल या उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याच्या पंखावर लिहिल्यासारखी चितारलेली. पाहुणे एकवीस. सगळे काही आत मावले नाहीत. उरलेल्यांसाठी शेजारी टेबल लावलं. सूप, मासे, कबुतराच्या मांसाची पाय-पेस्ट्री, जेली, वर द्राक्षाची दारू. ओवेन बसला प्राण्याच्या डोक्यात, म्हणजे बरोबर मेंदूच्या जागी, आणि ती जागा आपल्यालाच शोभते याबद्दल त्याला स्वतःला तिळमात्र शंका नसावी. एडवर्ड फोर्ब्ज या शास्त्रज्ञाने खास रचलेलं गाणं सगळ्यांनी टिपेच्या सुरात म्हटलं. इलस्ट्रेटेड लंडन न्यूजने चित्र छापलं आणि पुतळा पुरा होण्याआधीच स्वारी घरोघरी पोचली. जाहिरात कशी करावी हे हॉकिन्सला कुणी शिकवायला नको होतं. पंच साप्ताहिकाने टोमणा मारला की जुन्या काळी ही मंडळी याच्या पोटात गेली असती ती न जेवताच. विनोद झकास आहे, फक्त इग्वानोडॉन पाला खाणारा होता. बिचाऱ्याबद्दलचे विनोदही चुकलेलेच.

उतरती कळा आली ती 1878 मध्ये, बेल्जियममधल्या बर्निसार इथे. कोळशाच्या खाणीत तीनशेवीस मीटर खोलीवर खाणकामगारांना हाडं लागली. एक-दोन नव्हे, तिसाहून अधिक इग्वानोडॉन, त्यातले बरेच अखंड. लुई डॉलो या तरुणाने ते जुळवले आणि ते टोकदार हाड दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर सापडलं. प्रत्येकी एक. नाकावर काही नव्हतं. सिडनहॅमचा हा गृहस्थ तेव्हापासून हसण्याचा विषय झाला, तो झालाच.

पण हसणाऱ्यांनी जरा ब्रसेल्सच्या संग्रहालयातही डोकवावं. डॉलोने आपले इग्वानोडॉन कांगारूसारखे ताठ, शेपटीवर रेलून उभे केले. ही शेपूट ताठर होती, हाडासारख्या झालेल्या स्नायुबंधांनी जखडलेली. तशी वाकवायची तर मोडावी लागेल, हे 1980 च्या सुमारास डेव्हिड नॉर्मन या जीवाश्मतज्ज्ञाने दाखवून दिलं. प्राणी मुख्यतः आडव्या अंगाने, शेपूट मागे तोलून चालत असणार. ते सांगाडे आजही काचेच्या दालनात तसेच उभे आहेत. हाडं इतकी नाजूक की पुन्हा उलगडायची धास्ती वाटते.

न्यूयॉर्कला हॉकिन्सची दुसरी मांदियाळी होऊ घातली होती. 1868 मध्ये सेंट्रल पार्कसाठी त्याला बोलावणं आलं, अमेरिकन डायनासोरांचे पुतळे घडू लागले. पण शहराचं राजकारण फिरलं आणि 1871 मध्ये माणसं घण घेऊन कार्यशाळेत घुसली. साचे, पुतळे, सगळं चक्काचूर. त्या हिशेबाने आपला हा भाग्यवानच म्हणायचा. कुणी नुसतं हसलं, घण घातला नाही.

आपल्याकडच्या बागांतले डायनासोर पाहिले की मला याची फार आठवण येते. बहुतेक ठिकाणी फायबरचा टायरॅनोसॉरस जबडा वासून उभा असतो, कुठे कुठे डरकाळतोही. तो अमेरिकेतला, इथे कधी फिरकलाच नाही. आणि इथले? ओवेनने शब्द घडवण्याच्या चौदा वर्षं आधी, 1828 मध्ये, स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपूरला डायनासोरची हाडं उचलली होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिजदुऱ्याला टायटनोसॉरसांची हाडं मिळतात आणि त्यांच्या काळातल्या विष्ठेचे दगड झालेले गोळेही. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म कण निघाले, तेव्हा डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच ही जगभरची समजूत 2005 मध्ये बदलावी लागली. विदर्भातल्या शेणाने केवढी उलथापालथ केली! इथल्या टायटनोसॉरसचा एखादा पुतळा कुठे असावा, गवत खाताना दाखवलेला, खाली माहितीची पाटी. हॉकिन्सच्या प्राण्यांत चुका असतील, पण त्याच्या काळच्या उत्तमोत्तम माहितीवर तो उभा राहिला होता. कॅटलॉगमधून मागवलेला नव्हता.

आता स्वारीचं दुखणंखुपणं सुरू असतं. आतलं लोखंड गंजून फुगतं आणि सिमेंटला भेगा पाडतं. भेगांत माती, मातीत रोपटी, रोपट्यांची मुळं आणखी आत. पोटाकडून माणूस आत शिरू शकतो. आत गेल्यावर हॉकिन्सची यादी डोळ्यांसमोर दिसते; विटांचे थर, कौलं, गंजलेले गज, जणू अर्धवट सोडलेलं बांधकाम. 2007 मध्ये या सगळ्या पुतळ्यांना पहिल्या श्रेणीच्या वारशाचा दर्जा मिळाला, म्हणजे सेंट पॉल कॅथीड्रलच्या पंक्तीला मान. 2020 मध्ये ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेले, आणि त्याच वर्षी शेजारच्या मेगॅलोसॉरसचा जबडा गळून पडला. पुढच्या वर्षी हलक्या वजनाचा नवा जबडा बसवला. घडवताना आजच्या शास्त्राला विचारायचा प्रश्नच नव्हता. जुनी छायाचित्रं समोर ठेवून तो 1854 सारखाच केला, दातांसकट. इग्वानोडॉनच्या शिंगालाही हाच नियम लागू आहे. भेग पडली तर बुजवतील, पण ते जागचं हलवून हाताच्या अंगठ्यावर बसवायला निघालात तर वारसा कायद्याने गुन्हा ठरेल.