क्रम आणि ओळख

आईच्या पश्चात तिची जात्यावरच्या ओव्यांची वही आमच्याकडे आली. दोनशेच्या आसपास ओव्या, काही शाईने तर काही पेन्सिलीने उतरवलेल्या. वर्गात त्या माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल अशा विषयवार लावून दाखवता याव्यात, आणि प्रत्येकीविषयी आई जे तोंडी सांगत असे ते तिच्याखाली नोंदवून ठेवता यावे, एवढ्या हेतूने आम्ही पन्नाशीत रिॲक्ट शिकावयास बसलो. मराठीच्या अध्यापकाला ही उठाठेव कशाला, असे सहकारी विचारीत. आम्ही हसून वेळ मारून नेत असू.

रिॲक्ट ही फेसबुकने २०१३ साली सर्वांसाठी खुली केलेली जावास्क्रिप्टची लायब्ररी. पान एकसंध न मानता ते लहान लहान घटकांचे, म्हणजे कंपोनंटचे, बनलेले मानावयाचे, हा तिचा मूळ विचार. आमच्या पानात ओवी हा एक कंपोनंट आणि ओव्यांची यादी हा दुसरा. ओवीचा साचा एक आणि ओव्या अगणित, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कंपोनंट निराळा समजावून सांगावा लागत नाही. त्याला वरून मिळणारी माहिती म्हणजे प्रॉप्स. ती त्याने वाचावी, बदलू नये. त्याची स्वतःची बदलती स्मृती म्हणजे स्टेट. पडद्यावर थेट खाडाखोड करावयाची नाही. स्टेट बदलली की पडदा तिच्यामागून येतो.

इथवर आम्ही सुखाने आलो. यादी मांडताना मात्र ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एक इशारा उमटू लागला. यादीतील प्रत्येक घटकास स्वतःची वेगळी ‘की’ हवी, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही यादीतला अनुक्रमांकच की म्हणून देऊन टाकला. इशारा थांबला, आणि इशारा थांबला म्हणजे चूक सुधारली, असे आम्ही शिकाऊ माणसाच्या भाबडेपणाने समजलो.

पंधरवडाभर आम्ही टिपा लिहीत होतो. मधूनच क्रम बदलून पाहत होतो, जतन करीत होतो. मग एके रात्री भावाच्या ओवीखाली टीप दिसली: ‘इथे आजीचा आवाज थांबायचा.’ ही टीप सीतेच्या वनवासाच्या ओवीची होती. क्रम बदलताना ओव्या हलल्या होत्या आणि टिपा जागच्या जागी राहिल्या होत्या.

दोष रिॲक्टचा नव्हता. यादी पुन्हा मांडताना कोणता घटक पूर्वीचा कोणता, हे ती कीवरून ओळखते. अनुक्रमांकच की असल्यावर पहिल्या जागेवरचा घटक तिच्या लेखी पहिलाच. आतली ओवी बदलली तरी त्याची स्टेट, म्हणजे आमची टीप, त्या जागेलाच चिकटून राहणार. वर्गातल्या मुलांना बाकावरून ओळखणारा शिक्षक सुट्टीनंतर जागा बदलल्या की नावे चुकतो, तसाच हा प्रकार. पाठचिकित्सा शिकवताना आम्हीच सांगत आलो आहोत की क्रम हा संग्राहकाचा असतो, ओवीचा नव्हे. ते आमच्या हाताला मात्र ठाऊक नव्हते.

दुरुस्ती एका ओळीची होती. प्रत्येक ओवीला वहीतले पान आणि त्या पानावरचे स्थान यांवरून एक कायमची खूण दिली आणि तीच की केली. वहीतला क्रम आता कोणी बदलणार नाही. तो बदलू शकणारी व्यक्ती राहिली नाही. त्यानंतर ओव्या कशाही फिरवल्या तरी टिपा त्यांच्याबरोबर फिरू लागल्या.

आधी लिहिलेल्या टिपा मात्र आठवणीवर विसंबून एकेक करून परत लावाव्या लागल्या, कारण त्या वहीत कुठेच नव्हत्या. चार टिपांच्या ओव्या आम्हांस आजही सापडलेल्या नाहीत. त्यांपैकी एकीत एवढेच आहे: ‘ही आई पुन्हा कधी म्हणाली नाही.’ अंदाजाने कोणत्याही ओवीखाली ती सरकवणे सोपे होते. आम्ही त्या चारही टिपा पानाच्या तळाशी वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि विद्यार्थी विचारतात तेव्हा त्या तिथे का आहेत हे सांगतो.